पिंजऱ्यातल्या हरणांचं रक्त: आकडे कधी खरे मानायचे?

रानवैद्य, फोंडा । सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. शेळ्यांच्या जंतांच्या धाग्यावर परवा कोणीतरी विचारलं होतं की प्राणिसंग्रहालयातल्या हरणांचं रक्त तपासतात का, आणि तपासलं तर त्यावरून तब्येत कळते का. दोन ओळींत सांगून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी पशुवैद्य. आता सगळा दिवस गाई-म्हशींत जातो, पण नोकरीची पहिली वर्षं गोव्याबाहेर, घाटावरच्या एका प्राणिसंग्रहालयात काढली. जागेचं नाव लिहिणार नाही. हरणांचा नाद तेव्हापासूनचा.

आधी एका चितळ मादीची हकिगत सांगतो, मग आकड्यांकडे येऊ.

मादी चार-पाच वर्षांची. दोन दिवस कळपाच्या मागे मागे राहत होती, चारा टाकला की सगळ्यांत शेवटी यायची. रक्त काढायचं ठरलं. कुंपणाच्या कोपऱ्यात जाळं लावलं आणि सहा माणसांनी तिला हाकलत नेलं. दोनदा जाळ्याला धडकून ती उलटी फिरली, तिसऱ्यांदा अडकली. दाबून बसवली तेव्हा तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या चाललेल्या. मी मानेच्या शिरेतून दहा मिली रक्त घेतलं.

रिपोर्ट आला. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, ५१. साखर भरमसाट. एएसटी हे एन्झाइम चढलेलं, सीके हे दुसरं तर मशीनच्या मापाच्या पलीकडे. एएसटीचा आकडा बघून ‘यकृत बिघडलंय’ असा निष्कर्ष निघाला आणि यकृताची औषधं सुरू झाली. मीही त्याला मान डोलावली.

तीन आठवड्यांनी तिला गुंगीचं इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घेतलं. पीसीव्ही ३६. सीके उतरलेलं, एएसटी जवळपास जागेवर. औषध लागू पडलं असं सगळे म्हणाले. पण यकृताला काही झालेलंच नव्हतं. पहिल्या वेळी आम्ही मोजला तो पाठलाग.

झालं होतं ते असं. हरणाची प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींचं कोठार. प्राणी घाबरला की ती आवळते आणि साठवलेल्या पेशी रक्तात ढकलते, म्हणजे पीसीव्ही आणि हिमोग्लोबिन बघता बघता चढतं. झायलाझिनसारखं गुंगीचं औषध दिलं की उलटं होतं: प्लीहा सैल पडते, पेशी कोठारात परत जातात, पीसीव्ही उतरतो. तोच प्राणी, तेच रक्त, फक्त धरायची रीत वेगळी, आणि फरक पंधरा अंकांचा. पहिला आकडा बघून ‘अंगातलं पाणी आटलंय’ म्हणाल, दुसरा बघून ‘रक्त कमी झालंय’ म्हणाल, आणि दोन्ही वेळा चुकाल. साखरेचं तर आणखी अवघड. ती भीतीनेही चढते आणि झायलाझिननेही चढते, कारण ते औषध इन्शुलिन दाबून ठेवतं.

एएसटी हे एन्झाइम यकृतात असतं तसंच स्नायूंतही असतं. म्हणून ते एकट्याने कधी वाचायचं नाही. शेजारी सीके बघायचं, कारण ते स्नायूंचं. दोन्ही चढलेली असतील तर स्नायूंवर ताण आलाय. सीके शांत आणि एएसटीबरोबर जीजीटी हे यकृताचं एन्झाइम वर असेल, तर मग यकृताकडे वळायचं. माणसांच्या रिपोर्टची सवय असलेले आधी एसजीपीटी शोधतात. रवंथ करणाऱ्यांच्या यकृतात ते इतकं थोडं असतं की त्यावरून काही कळत नाही.

मग तिला झालं काय होतं? गुंगीत ती छातीवर बसलेली असताना मागचा उजवा पाय उचलला, तर खुराच्या बेचक्यात पू. आणि पहिला रिपोर्ट परत काढून बघितला तेव्हा त्यात ती खूण होती. एकूण प्रोटीन वाढलेलं होतं. ते आम्ही ‘पाणी कमी पडलंय’ म्हणून सोडून दिलं होतं. पण पाणी कमी पडलं असतं तर अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रोटीनही चढलं असतं. ते होतं तिथेच होतं. वाढलं होतं ते ग्लोब्युलिन, ज्यात जंतूंशी लढणारी प्रोटीनं येतात; म्हणजे शरीर कशाशी तरी बरेच दिवस झगडत होतं. कळपाच्या मागे राहणारी मादी लंगडत असेल, हे आमच्यातल्या कोणाच्या मनातही आलं नाही. दुखणं लपवण्यात हरणांइतका हुशार प्राणी मी पाहिलेला नाही.

तेव्हापासून माझं एक म्हणणं आहे. हरणाच्या रक्ताच्या कागदावर आकड्यांच्या वर काही गोष्टी लिहिलेल्या हव्यात: प्राणी कसा धरला, धरायला किती मिनिटं लागली, कोणतं औषध दिलं, शेवटचं खाणं कधी झालं, रक्त किती वाजता काढलं आणि नळी लॅबमध्ये किती वाजता पोचली. त्या नसतील तर तो कागद मी बाजूला ठेवतो. तुमचे अनुभव लिहा.

सारंग_साखळी । सोमवार, रात्री १०:२०

वाचतोय. एक शंका. दहा मिली रक्त काढलं तर एवढासा जीव अशक्त नाही होत?

रानवैद्य । सोमवार, रात्री १०:३१

नाही होत. अंगातलं रक्त वजनाच्या साधारण सात-आठ टक्के धरतात. चितळ मादी ४५ किलोची असेल तर तिच्या अंगात तीन लिटरच्या वर रक्त असतं. त्यातले दहा मिली म्हणजे काहीच नाही. तिला रक्त काढण्याचा त्रास नसतो, धरण्याचा असतो.

सूक्ष्मदर्शी, म्हापसा । सोमवार, रात्री ११:०५

डॉक्टर, तुमच्या यादीतली शेवटची गोष्ट लिहिलीत ते बरं केलंत, ‘नळी लॅबमध्ये किती वाजता पोचली’. मी पलीकडच्या बाजूची, म्हणजे लॅबमधली. आमची लॅब माणसांची, पण ओळखीचे पशुवैद्य अधूनमधून नमुने पाठवतात. एकदा मे महिन्यात हरणाच्या रक्ताच्या दोन नळ्या आल्या. सकाळी आठला काढलेलं रक्त स्कूटरच्या डिकीतून साडेअकराला पोचलं होतं. साधी नळी यंत्रात गरगर फिरवली तर पेशी खाली बसून वर राहणारं सीरम कोकमाच्या सरबतासारखं लाल. ते फिकट पिवळसर, जवळपास पाण्यासारखं दिसायला हवं. उन्हाने आणि हिंदकळण्याने तांबड्या पेशी फुटल्या होत्या. असं झालं की एलडीएच, एएसटी, फॉस्फरस सगळं खोटं चढतं. साखर मात्र उतरते, कारण पेशी नळीत बसूनही साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के. म्हणून साखर हवी असेल तर राखाडी बुचाची फ्लोराइडची नळी वेगळी घ्यायची, आणि बाकीचं सीरम लवकर वेगळं करून बर्फाच्या डब्यात ठेवायचं. बर्फाला नळी थेट चिकटू द्यायची नाही, मध्ये कापड ठेवायचं.

आणखी एक चूक वारंवार होते. जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त कमी पडलं म्हणून साध्या नळीत ओततात, किंवा उलटं. जांभळ्या नळीतलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, पोटॅशियमचं असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. मग रिपोर्टवर पोटॅशियम अफाट आणि कॅल्शियम नाहीसं. तसे आकडे खरे असते तर प्राणी जिवंत नसता. तो उभा राहून चरत असेल तर चूक नळीत झालेली आहे.

मशीनचंही सांगते. माणसाची तांबडी पेशी सात मायक्रॉनची, चितळाची पाचाच्या आसपास, शेळीची त्याहून लहान. आपलं मशीन माणसाच्या पेशींच्या मापाचं. लहान पेशी प्लेटलेटच्या रकान्यात जाऊन बसतात. पशुवैद्यकीय सेटिंग नसेल तर मी मशीनवर विश्वास ठेवत नाही. केशनळीत रक्त भरून, फिरवून, पट्टीवर पीसीव्ही मोजते. लहान पेशी खाली बसायला वेळ घेतात म्हणून जास्त वेळ फिरवायचं.

आकडेमोड, मडगाव । मंगळवार, सकाळी ७:१२

मी प्राण्यांतला नाही, संख्याशास्त्र शिकवतो. एक मुद्दा मांडतो, कारण तो प्राण्यांनाही लागू आहे आणि माणसांनाही.

रिपोर्टवर ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते ती निरोगी प्राण्यांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची. म्हणजे पूर्ण निरोगी असलेल्या वीस हरणांपैकी सरासरी एक प्रत्येक चाचणीत बाहेर पडणारच. आता एकाच हरणाच्या वीस चाचण्या केल्या, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर निदान एक तरी आकडा रेषेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. एका लाल आकड्यावरून औषध सुरू करणं किती धोक्याचं आहे ते यावरून कळेल.

आणि डॉक्टर, ही रेंज बांधायला किती हरणं लागतात हेही लिहा ना. मला नियम माहीत आहे पण तुमच्याकडून ऐकायचंय.

रानवैद्य । मंगळवार, दुपारी २:४०

जेवून बसलोय, सविस्तर लिहितो.

नीट रेंज बांधायची तर निदान १२० निरोगी प्राणी हवेत असं पशुवैद्यकीय प्रयोगशाळांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. चाळीसपर्यंत वेगळ्या पद्धतीने निभावतं. वीसच्या खाली गेलात तर आकडे सावधपणे वापरायचे, दहाच्या खाली रेंज बांधूच नये. आता सांगा, एकाच जातीची, एकाच वयाची, एकाच पद्धतीने धरलेली १२० हरणं कोणत्या प्राणिसंग्रहालयात मिळतील? म्हणून जगभरातली प्राणिसंग्रहालयं आपापले आकडे एका ठिकाणी जमा करतात. स्पीशीज ३६० नावाच्या संस्थेची झिम्स ही प्रणाली आहे, तिच्यात हे एकत्र बघायला मिळतं. फार कामाची गोष्ट. पण तिथले आकडे वेगवेगळ्या हवेतले, वेगवेगळ्या रीतीने धरलेल्या प्राण्यांचे.

उसन्या तक्त्यांवर माझा राग आहे तो याच कारणाने. न्यूझीलंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये रेड डिअर शेतीसारखी पाळतात, त्यामुळे तिथला अभ्यास भरपूर. तो तक्ता उचलून आपल्या चितळाला लावतात. थंड मुलखातला, ऋतू आला की शिंगं टाकणारा तो प्राणी. आपलं चितळ वर्षभर केव्हाही शिंग टाकतं. एकाच कळपात एका नराचं शिंग कडक असतं तेव्हा दुसऱ्याचं मखमलीत, म्हणजे वाढत्या शिंगावरच्या मऊ कातडीत, असतं.

यावर उपाय एकच मला पटतो: प्रत्येक हरणाचा त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांशी ताळा करायचा. त्या मादीचं ग्लोब्युलिन आधीचं ठाऊक असतं, तर पहिल्याच दिवशी खूर बघितला असता.

सारंग_साखळी । मंगळवार, दुपारी ३:०५

शिंगावरून आठवलं. माझा मावसभाऊ घाटावर एका जागी काम करतो. त्यांच्याकडे एका नराचं अल्कलाइन फॉस्फेटेस खूप वर आलं. हाडाचा रोग असेल म्हणून एक्स-रे काढायचं घाटत होतं. याचा शिंगाशी संबंध असतो का?

रानवैद्य । मंगळवार, दुपारी ३:२०

त्याला विचार, नर मखमलीत होता का. शिंग म्हणजे उघड्यावर वाढणारं हाड. मखमली कातडीखाली ते इतक्या झपाट्याने वाढतं की हाड रचणाऱ्या पेशी अल्कलाइन फॉस्फेटेस रक्तात सोडत राहतात. त्यासाठी लागणारं कॅल्शियम काही प्रमाणात बरगड्यांतून उचललं जातं. पाडसांतही तो आकडा वरच असतो, कारण त्यांचा सगळा सांगाडाच वाढतोय. शिंग कडक होऊन मखमल गळाली की आकडा उतरतो. कागदावर ‘मखमल’ एवढा एक शब्द असता तर एक्स-रेचा विषयच निघाला नसता. एक्स-रेसाठी पुन्हा धरणं आलं, मखमलीतलं शिंग तुटणं आलं, आणि ते तुटलं की रक्त थांबता थांबत नाही.

काळवीट । मंगळवार, दुपारी ४:००

छोटी दुरुस्ती, कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून. दरवर्षी शिंगं गळणं हे चितळ, सांबर, भेकर या खऱ्या हरणांचं. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगं जन्मभराची. बोलताना आपण सगळ्यांना हरीणच म्हणतो, पण रक्ताचे तक्ते एकमेकांना चालत नाहीत.

शेळीपालक_पेडणे । मंगळवार, रात्री ८:१५

डॉक्टरबाब, आम्ही शेळीच्या डोळ्याची खालची पापणी उलटून बघतो. लाल असली तर ठीक, पांढुरकी दिसली की जंताचं औषध. लॅबमध्ये जायची गरजच पडत नाही. हरणाला हे चालणार नाही का?

रानवैद्य । मंगळवार, रात्री ९:००

खूण तीच आहे, पण हरीण पापणी उलटू देणार नाही. त्यासाठी धरलंत की पुन्हा प्लीहा आवळली, पुन्हा पापणी लाल! शेळी माणसाळलेली असते म्हणून ती तपासणी खरी ठरते. ती निघाली मेंढ्यांसाठी, दक्षिण आफ्रिकेत, रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंतासाठी. तो जंत हरणातही घुसतो, विशेषतः लहान कुंपणात, जिथे त्याच जमिनीवर लेंड्या आणि त्याच जमिनीवर चारा. आपल्याकडे पावसाळ्यात जमीन चार महिने ओली, अळ्यांना तर फावतंच. हरणात मी आधी लेंड्यांतली अंडी मोजतो. सकाळी ताज्या लेंड्या उचलायच्या, हरणाला हातही लावावा लागत नाही. रक्तात नंतर दिसतं: पीसीव्ही खाली, अल्ब्युमिन खाली. दोन्ही एकदम खाली असेल तर रक्त बाहेर जातंय, कारण रक्ताबरोबर प्रोटीनही जातं. नुसता पीसीव्ही खाली आणि प्राणी गुंगीत, तर घाबरायचं कारण नाही.

मृगनयना । मंगळवार, रात्री ९:४५

वाचून एकच प्रश्न पडला. धरल्याने इतकं होतं तर मग रक्त काढायचंच कशाला? मला हे सगळं क्रूर वाटतं.

रानवैद्य । मंगळवार, रात्री १०:३०

प्रश्न रास्त आहे. नुसतं रक्त काढायचं म्हणून हरीण धरायला माझा स्वतःचा विरोध आहे. पण कळपातलं एखादं जनावर कधी ना कधी गुंगीत घ्यावंच लागतं. कधी खूर, कधी जखम, कधी दुसरीकडे हलवायचं असतं. त्या प्रत्येक वेळी दहा मिली घ्यावं आणि थोडं सीरम खोल गोठवून ठेवावं. पाच वर्षांत त्या कळपाची आपली स्वतःची वही तयार होते. माणसाच्या आवाजाची सवय लावून, चाऱ्याच्या ओढीने अरुंद वाटेत यायला शिकवलेली हरणं मी पाहिलीत. तिथे भिंतींना गोणपाट लावलेलं असतं, बाहेरचं काही दिसत नाही. डोळ्यांवर कापड टाकलं की श्वास कसा खाली येतो ते हाताला कळतं. अशा हरणाचा पीसीव्ही आणि जाळ्यात धरलेल्याचा पीसीव्ही शेजारी ठेवून बघा.

ताण मोजायचा असेल तर रक्त नकोच. सुई टोचेपर्यंत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं असतं. त्याचे अवशेष लेंड्यांत उतरतात, त्यातून आदल्या दिवसाचा ताण मोजता येतो. हैदराबादला लाकोन्स या वन्यप्राण्यांवरच्या संशोधन प्रयोगशाळेत असं काम चालतं.

सत्तरीकर । बुधवार, सकाळी ६:५०

हा धागा रात्री वाचला आणि झोप लागली नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, एप्रिल महिना. आमच्या काजूच्या बागेत कुत्र्यांनी एक भेकर पळवून पळवून आणलं. आम्ही कुत्री हाकलली. भेकराला जखम अशी काहीच नव्हती, कानाला थोडं खरचटलं होतं. गाव जमलं. कोणी पाणी ओतलं, कोणी वाटीतून दूध पाजायला गेलं, पोरांनी फोटो काढले. वनखात्याची माणसं आली आणि घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाले उभं आहे, पाला खातंय. आम्हाला किती बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मागचे पाय गेले, लघवी काळ्या चहासारखी झाली, आणि संध्याकाळी ते मेलं. डॉक्टर, जखम नसताना असं का झालं? रक्त तपासलं असतं तर कळलं असतं का?

रानवैद्य । बुधवार, सकाळी ८:१०

कळलं असतं. पण वाचलं असतं असं म्हणत नाही.

याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. जीव घेऊन पळताना स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, लॅक्टिक आम्ल साठतं, रक्त आंबतं, अंग तापतं. स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं सगळं रक्तात येतं: सीके, पोटॅशियम, आणि मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रोटीन. पोटॅशियम आणि आम्ल वाढून हृदय बंद पडलं तर प्राणी तिथल्या तिथे जातो. त्यातून वाचला तर मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतं. लघवी काळसर होते ती त्यानेच. मग युरिया आणि क्रिएटिनिन चढत जातं. म्हणून तुमचं भेकर दुसऱ्या दिवशी उभं होतं. स्नायू आतून फुटलेले होते, मूत्रपिंडं बंद पडायला अजून एक दिवस होता.

रक्तात या गोष्टीचं वेळापत्रक वाचता येतं. सीके काही तासांत चढतं आणि नवीन इजा झाली नाही तर काही दिवसांत उतरतं. एएसटी सावकाश चढतं आणि जास्त दिवस वर राहतं. सीके अफाट असून एएसटी अजून मागे असेल तर इजा ताजी आहे. सीके उतरलंय आणि एएसटी वरच असेल तर घडून काही दिवस झाले. दुसऱ्या नमुन्यात सीके आणखी चढलेलं दिसलं तर स्नायू अजून फुटताहेत. सलाईन, सोडा बायकार्ब, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम असं सगळं देतात. फार थोडी वाचतात.

तुमची चूक नाही. तुम्ही कुत्री हाकललीत. पुढच्या वेळी एवढंच करा: डोळ्यांवर जाड, कोरडं कापड टाका, सावलीत, अंधाऱ्या खोलीत किंवा खोक्यात ठेवा, गर्दी हटवा, बोलणं बंद. तोंडात काही घालू नका, दूध तर नाहीच, ते श्वासनलिकेत जातं. आणि ताबडतोब वनखात्याला कळवा. आपल्या आवाजाने आपल्याला धीर येतो, भेकराला तो कुत्र्यांसारखाच.

सत्तरीकर । बुधवार, सकाळी ८:२५

पोरांना वाचून दाखवतो.

सूक्ष्मदर्शी, म्हापसा । बुधवार, दुपारी १:३०

विषय जड झालाय, पण एक नवलाची गोष्ट सांगायची राहिली होती. हरणाच्या रक्ताची काच पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली ठेवली तेव्हा माझे हात थांबले. गोल पेशींच्या ऐवजी विळ्यासारख्या, काही तर काडीसारख्या सरळ. मी नंदुरबारच्या एका शिबिरात सिकलसेलचे नमुने बघितले होते, हुबेहूब तसंच. मला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली.

नंतर वाचलं. हरणांच्या बहुतेक जातींत हे होतंच, आणि ते १८४० मध्ये जॉर्ज गलिव्हर यांनी पाहून लिहून ठेवलं होतं. माणसातल्या विळापेशी शिकागोच्या हेरिक यांनी १९१० मध्ये नोंदवल्या, म्हणजे हरणाच्या सत्तर वर्षांनंतर! फरक असा की माणसात प्राणवायू कमी झाला की पेशी वाकते, आणि हरणात प्राणवायू वाढला आणि रक्त अल्कधर्मी झालं की वाकते. नळीचं बूच उघडलं, रक्ताला हवा लागली, कार्बन डायऑक्साइड उडाला, की झाले विळे. हरणाला त्याचा काही त्रास नसतो. रेनडिअर आणि मूस या दोन जातींत मात्र ते दिसत नाही. तेव्हा हरणाच्या काचेवर विळे दिसले तर कृपया रिपोर्टवर ‘सिकलसेल’ लिहू नका. मी लिहायच्या बेतात होते.

पिसोरी, म्हणजे हरणासारखा दिसणारा चिमुकला प्राणी, तिच्या कुळातल्यांच्या तांबड्या पेशी तर सस्तन प्राण्यांत सर्वांत लहान. ती काच मला एकदा तरी बघायची आहे.

सारंग_साखळी । बुधवार, दुपारी २:००

हे भारी आहे!! पिसोरी आमच्या कुळागरात बाबांनी पाहिलेली, सशाएवढी.

कुळागर । बुधवार, रात्री ९:१०

मी या साइटवर नुसता वाचत असतो, लिहीत नाही. पण डॉक्टरांनी वहीचं लिहिलं म्हणून लिहितोय. माझे वडील गोव्याबाहेर एका ठिकाणी हरणांची देखभाल करायचे. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी शाळेच्या दोनशे पानी वह्यांत रोज दोन-तीन ओळी लिहून ठेवल्यात. डॉक्टरांना त्यांनी त्या कधी दाखवल्या नाहीत, त्यांना वाटायचं साहेबांना हसू येईल. काही ओळी टाकतो, जशाच्या तशा. कानफाटी हे एका मादीचं नाव.

‘कानफाटी आज उशिरा आली. पाला खाल्ला, पेंड नाही.’

‘सहल आली. पोरांनी पाव टाकले. मोठ्या नराने लई खाल्ले. संध्याकाळी रवंथ नाही.’

‘कानफाटी लेंड्या मऊ. घाणेरीचा झाप कुंपणातून आत आलाय, तोडला.’

‘कानफाटीच्या कानाची कातडी सोलली. उन्हात येत नाही. रक्त नेलं.’

रिपोर्ट काय आला ते वहीत नाही. यातून आता काही कळू शकतं का?

रानवैद्य । बुधवार, रात्री १०:४०

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

या चार ओळींत अख्खं निदान आहे. घाणेरीच्या पानांतलं विष यकृतातली पित्ताची वाट अडवतं. हिरव्या पाल्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात जो पदार्थ बनतो तो एरवी पित्तावाटे निघून जातो. वाट अडली की तो रक्तात फिरतो, आणि कातडीवर ऊन पडलं की कातडी भाजते. केस विरळ असलेल्या जागी आधी, म्हणजे कान, नाक. म्हणून ती उन्हात येत नव्हती. त्या रक्तात बिलिरुबिन आणि जीजीटी चढलेलं असणार, एएसटीही, आणि सीके बहुधा धरण्यापुरतंच. ज्याने रिपोर्ट वाचला त्याच्यासमोर ही वही असती तर त्याला उपचारासाठी दुसरा कागद लागला नसता: सावली, आणि घाणेरी तोडणं. ती तर त्यांनी आधीच तोडली होती.

दुसरी ओळही सोडू नका. पाव-भात-केळी पोटात जास्त गेली की पोट आंबतं आणि रवंथ थांबतो. पोटात पाणी ओढलं जातं म्हणून पीसीव्ही चढतो. पण हे रक्तात उतरायच्या आधी ‘रवंथ नाही’ हे डोळ्यांना दिसतं, आणि ते बघणारा माणूस रोज तिथे उभा असतो.

युरियाबद्दल मला मोठं लिहायचं होतं, ते या वहीवरूनच लिहिता येईल. रक्तातला युरिया पेंड जास्त झाली की चढतो, नुसतं वाळकं गवत असलं की उतरतो, कारण हरीण तो युरिया लाळेवाटे परत पोटात नेऊन वापरतं. आणि उपासमार लांबली की पुन्हा चढतो, कारण आता ते स्वतःचे स्नायू जाळतं. एकच आकडा, दोन विरुद्ध कारणं. पेंड खाल्ली की नाही हे तुमच्या वडिलांनी रोज लिहिलंय. तेवढ्यावरून मला कोणत्या बाजूला बघायचं ते कळतं.

वह्या किती आहेत? फोटो टाकू शकाल का? जागेचं नाव दिसत असेल तर ते झाका.

आकडेमोड, मडगाव । बुधवार, रात्री १०:५५

टंकायचं काम माझ्याकडे द्या. तारीख, हरीण, खाणं, लेंड्या, हवा असे रकाने करून देतो.

कुळागर । बुधवार, रात्री ११:३०

वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, कानफाटी वाचली होती, पुढच्या पावसाळ्यात तिला पाडस झालं, तेही लिहिलंय बघ, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत.

अकरा वह्या आहेत. दोन ओल आल्याने चिकटल्यात. सुपात घालून पडवीत ठेवल्यात, वारं लागलं की पानं सुटतील, मग एकेक पान काढून टाकतो.